क्रेनची राहून गेलेली पूजा

हुक सरकत होता. क्रेन थांबवल्यावरही लोखंडी गर्डर वीतभर खाली येऊन मगच स्थिर व्हायचा. त्याच्या खाली जोडणीचे मजूर काम करत असत.

"आज वीतभर येते, भाऊ," ऑपरेटर रामटेके म्हणाला. "उद्या कोणाच्या डोक्यावर आला, तं मलेच धरतीन."

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि मी मेंटेनन्सचा चार्जमन होतो. क्रेनचा ब्रेक म्हणजे ड्रमला दोन्ही बाजूंनी आवळणारे दोन शू. करंट गेला की स्प्रिंग त्यांना आवळते आणि भार हवेत थांबतो. शूंना आतून लायनिंग असते. ती झिजली की शू आवळतात, पण ड्रम ऐकत नाही. नवी लायनिंग स्टोअरमध्ये होती. हवी होती ती अर्धी पाळी बंद क्रेन.

ती मागायला साहेबांकडे गेलो. साहेब पुण्याचे. म्हणाले, "क्रेन बंद पडलीय का?"

"नाही. पण ब्रेक झिजलाय."

"मग पडू द्या. आपण इथे कारखाना बांधायला आलोय, डागडुजी करायला नाही."

तर्क बिनतोड होता. त्याच आठवड्यात शेजारच्या शेडमध्ये नवा कॉम्प्रेसर सुरू झाला. हार, पेढे, फोटो. अर्धी पाळी काम बंद. त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

मी पुन्हा ऑफिसात गेलो. "साहेब, एक राहूनच गेलं. या क्रेनची पूजा झालेली नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि इतके दिवस तशीच चालवताय? जबाबदारी कोणाची?"

"उद्या करून घेतो. क्रेन बंद ठेवावी लागेल."

"अर्थात. चालत्या यंत्राची कोणी पूजा करतं का?"

रामटेके नागपूरला दीक्षा घेऊन आलेला. पूजाअर्चा त्याने सोडली होती. त्याला बेत सांगताना मी जरा चाचरलो.

"मी हात जोडणार नाही, भाऊ," तो म्हणाला. "पण क्रेन बंद होत असन, तं पोतंभर नारळ आणून देतो. अन् हात मले वर पाना धरायले लागतीन."

सकाळी दुर्गहून गुरुजी आले. खाली मंत्र सुरू झाले, वर फिटर आणि रामटेके. एक बोल्ट गंजून बसला होता. वर हातोडा पडला की खाली मी घंटा वाजवत होतो. बोल्ट निघेना, तेव्हा गुरुजींना आणखी एक स्तोत्र म्हणायची विनंती केली. साहेब डोळे मिटून उभे होते. एवढी साग्रसंगीत पूजा त्यांनी पुण्यातही पाहिली नव्हती.

काही दिवसांनी गर्डर हवेत असतानाच करंट गेला. खालची माणसं पळाली. गर्डर बोटभरही हलला नाही. रामटेके शिडी उतरून आला आणि गटागटा पाणी प्यायला.

"बघितलंत?" साहेब मला म्हणाले. "तुम्हा लोकांचा विश्वास नसतो."

"पुरा विश्वास आहे, साहेब," रामटेके म्हणाला. "बाकीच्या क्रेनीइले कावून वंचित ठेवता?"

साहेबांना ते पटलं. दर महिन्याला एका क्रेनची पूजा मंजूर झाली. वर्षभरात क्रेन बंद पडायच्या थांबल्या. मग मेंटेनन्सची माणसं कमी करण्यात आली. त्यांना काही काम उरलं नाही, असं साहेबांचं निरीक्षण होतं.

धडा एवढाच. कारखान्यात देखभालीसाठी वेळ मागू नये, मुहूर्त मागावा.