मामांचा तळहात

माझ्या बायकोच्या मामांना उभ्या रायगड जिल्ह्यातलं एकही वाहन पसंत नाही. गाडी किती पळते हे कौतुकानं सांगणाऱ्याला ते आधी आपादमस्तक न्याहाळतात आणि मग विचारतात, "पळंल. थांबतं काय?" रोह्याचा पूल ओलांडून अष्टमी गावात शिरलं की त्यांचं गॅरेज लागतं. तिथे फक्त ब्रेकची कामं होतात. इंजिनाला मामा हात लावत नाहीत. "इंजिन बिघडलं तर मानूस उशिरा पोचतो, ब्रेक बिघडला तर पोचतच नाय." धाटावच्या कंपन्यांचे टँकर दारात रांगेनं उभे असतात आणि प्रत्येक ड्रायव्हर ब्रेकबरोबर बोलणीही घेऊन जातो. गाडीला लिंबू-मिरची टांगलेली दिसली की मामा ती सोडवून मालकाच्या हातात देतात आणि म्हणतात, "घरी ने. लोणचं घाल."

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे उजवा तळहात. गाडी थोडी पळवायची, ब्रेक मारत परत आणायची आणि चाकामागच्या प्रत्येक ड्रमवर हात टेकवायचा. गरम ड्रम कामाचा. थंड ड्रम फुकट बसून खाणारा. ही तपासणी गॅरेजपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. आमच्या लग्नात मामांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि भर मांडवात भाचीला सांगितलं, "थंड हाय गो. कामाचा नाय." हे मत त्यांनी पुढे वीस वर्षं बदललं नाही.

गेल्या वर्षी आमच्या पेणमधल्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी लष्करातून निवृत्त झालेला सहाचाकी ट्रक लिलावात घेतला. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत त्यावर शाळेची चाळीस पोरं बसणार होती आणि स्वतः अध्यक्ष पुढे झेंडा धरून उभे राहणार होते. देशासाठी उभं राहायचं तर उंचावर राहावं, अशी त्यांची धारणा असावी. गणपती रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून ट्रक रंगवून घेतला होता. दिसत होता देखणा, फक्त थांबत नव्हता. म्हणून तो मामांच्या गॅरेजात न्यायचं ठरलं आणि ओळखीसाठी मला बरोबर घेतलं. वाटेत निडीजवळ रस्त्यात म्हशी आल्या, तेव्हा ट्रकनं थांबायला इतका वेळ लावला की शेवटी म्हशींनीच समजूतदारपणा दाखवला.

"मामा, जरासा ब्रेक आवळून द्या," अध्यक्ष गॉगल न काढता म्हणाले. "युद्धावर जाऊन आलेली गाडी आहे."

"परत आली ना? मंजे तवा थांबत व्हती."

ब्रेकच्या हवेचा काटा बरोबर होता, गळती कुठे नव्हती, पेडल दाबलं की दांडे नीट सरकत होते. मामांनी ट्रक पळवून आणला आणि सहाही ड्रमना हात लावला. सगळे कोमट. "एकजात कामचुकार," ते म्हणाले आणि चाकं उतरवायला लावली. ड्रमच्या आत, जिथे लायनर घासून चाक अडायचं, तिथे गुळगुळीत शेंदरी रंग होता. लायनर सोनेरी. अर्धा रंग जळून लायनरवर काचेसारखा बसला होता.

म्हातारा कारागीर बरोबर आला होता. तो शांतपणे म्हणाला, "चाकं खोललीच व्हती, म्हटलं आतून पन करू. आमी मूर्तीची पाठ कोरी ठेवत नाय."

"अरे, देवाला रंग लागतो, ब्रेकला खरखर लागते!" मामा कडाडले. मग गर्रकन अध्यक्षांकडे वळले. "हा चुकला, पन काम करून चुकला. तुमी काय केलंत? गॉगल घातलात."

"मिरवणूक परवा आहे, मामा. पोरांचे कपडे शिवून झालेत."

"उतारावर पोरांना काय सांगाल? झेंडा घट्ट धरा?"

दीड दिवस ड्रम खरवडणं, नवे लायनर ठोकणं, चाकागणिक लायनर आणि ड्रममधलं अंतर बसवणं चाललं. मिरवणुकीच्या आदल्या दुपारी ट्रक पळवून आणला. मामा एकेका ड्रमवर हात ठेवत गेले. पाच गरम. सहाव्यावर हात बराच वेळ राहिला. "हा कोमट. गाडी जानार नाय."

अध्यक्ष काही बोलायच्या आत कारागिरानं त्या ड्रमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "मामा, चटका बसतोय. तुमचा हात बघा."

तळहात लाल होऊन फुगला होता. मामांना कळलंही नव्हतं. साखरेचा आजार जुना, गोळ्या चुकवण्याची सवयही जुनी. ते तळहाताकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमी लावा."

मी लावला, कारागिरानं लावला, अध्यक्षांनाही गॉगल काढून लावावा लागला. तीनदा ट्रक पळवला, तीनदा आम्हा तिघांना हात लावायला लावला. सहाही ड्रम सारखे तापले होते. "बसवा पोरांना," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेणला सबंध मिरवणूकभर ते हाताला पट्टी बांधून ट्रकच्या बंपरपुढे जेमतेम दोन हात अंतर ठेवून चालत होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता ते गॅरेजात स्टुलावर बसतात आणि ड्रायव्हरलाच ड्रमला हात लावायला सांगतात. शिव्या कमी झाल्यात, याचं ड्रायव्हरांना वाईट वाटतं. परवा आम्ही भेटायला गेलो. निघताना मामांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरला आणि बायकोकडे बघून विचारलं, "कसा हाय गो?"