मिस्त्रींची गाडी किती खाली घ्यायची
काचवाल्याला गल्लीत सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत आणि त्यात चिडण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नसे. काच दोन मिलिमीटर मोठी कापली तर बसत नाही, लहान कापली तर पडते. एक घाव दोन तुकडे हा प्रकार त्याच्या धंद्यात परवडणारा नव्हता. लग्नाला होकार द्यायला त्यानं पाच महिने लावले होते, आणि बायको अजून पाहुण्यांना ते सांगायची.

त्याचे सासरे सुतार. दारं-खिडक्यांच्या चौकटी करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चौकट मिस्त्रींची आणि काच याची, असं सहा वर्षं चाललं, मग मिस्त्रींची मुलगीही याच्याच घरी आली. पुढे सासूबाई गेल्या, मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला आणि ते लेकीकडे राहायला आले. सोबत एक ट्रंक आणि एक पिकअप. गोल नाकाची, फिक्या हिरव्या रंगाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. चौतीस वर्षं ती त्यांनी चालवली होती. किल्ली जावयाच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, “हिला काही करायचं नाही.”

“नाही मामा,” काचवाला म्हणाला.

शब्द चार वर्षं टिकला. मग मिस्त्री न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी ते काठी घेऊन चालू लागले. तपासणीच्या दिवशी काचवाल्यानं गाडी दारात आणली. मिस्त्रींनी दार उघडलं, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, “आज चालत जाऊ. हवा बरी आहे.”

हवा बरी नव्हती. ऊन रणरणत होतं. दवाखाना दोन किलोमीटरवर होता. पन्नास मिनिटं दोघे चालले आणि वाटेत गाडीबद्दल कोणीही ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोनं गाडीपाशी एक स्टूल आणून ठेवलं.

“स्टुलावर चढायला मी काय माळ्यावरचे डबे काढतोय?” मिस्त्री म्हणाले, आणि स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात गेलं.

काचवाल्यानं टेप काढली. गाडीचा उंबरा जमिनीपासून एकोणसाठ सेंटिमीटर. मिस्त्री बूट घालताना पाय ज्या फळीवर ठेवत, ती चव्वेचाळीस. फळी त्यानं ते झोपलेले असताना मोजली. मग गाडी घेऊन तो मेकॅनिककडे गेला.

“खाली घ्यायची आहे,” तो म्हणाला.

मेकॅनिक गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलला. “दोन रस्ते आहेत. पुढे आखूड स्प्रिंगा टाकू, मागे कमानपाट्यांना ठोकळे लावू. बसवा आणि विसरा. पण एकदा खाली गेली की खालीच राहणार. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासेल. आणि चाल कडक होईल.”

“मागे काचा असतात.”

“मग त्या मोजूनच उतरवा. दुसरा रस्ता हवेचा. चारही चाकांवर बलून, कॉम्प्रेसर, टाकी. बटण दाबलं की खाली बसेल, दाबलं की उठेल. काचेला एकदम गादी.”

“आणि भानगड?”

“भानगड हीच, की हवा आहे. हवा कधीतरी जातेच.”

“स्प्रिंगांनी किती खाली येईल?”

“सहा.”

“हवेनं?”

“सोळा.”

काचवाल्यानं मनात वजाबाकी केली. त्रेपन्न, त्रेचाळीस. हिशोब तिथंच संपला होता, पण स्वभावाला औषध नसतं. पुढचे सात आठवडे तो जेवताना, काच कापताना, दाढी करताना हवेचा विचार करत होता. जी वस्तू दिसत नाही तिच्यावर सासऱ्यांना कसं बसवायचं? स्प्रिंग निदान हातात धरता येते. शेवटी बायको वैतागली.

“बाबांना विचारू का एकदा?” त्यानं तिला विचारलं.

“विचारूच नका. विचारलं की ते नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणाले की तुम्ही ऐकाल.”

हवा बसवली.

मिस्त्री बाहेर आले. काचवाल्यानं बटण दाबलं. गाडीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि ती हळूहळू खाली बसली. मिस्त्रींनी काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारली.

“हिला काही करायचं नाही असं ठरलं होतं.”

“हो मामा.”

“दम लागलेल्या गाडीत मी बसत नाही,” असं म्हणून ते आत गेले. काचवाल्याला शब्द मोडल्याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून सोळा सेंटिमीटर परत द्यावेत, असं काही त्याला वाटलं नाही. दर आठवड्याला दोघे दवाखान्यात चालत जात राहिले.

चौथ्या आठवड्यात, एका सकाळी, काचवाला चहा पिऊन बाहेर आला आणि गाडी त्याला नेहमीपेक्षा उंच दिसली. फार उंच. रात्री त्यानं ती मधल्या उंचीवर सोडली होती, हे त्याला नक्की आठवत होतं. स्टिअरिंगमागे मिस्त्री बसले होते, ताठ, समोर बघत.

झालं होतं ते असं. रात्रीत हवा गेली होती आणि उजाडताना गाडी अगदी जमिनीला टेकली होती. मिस्त्रींनी ती खिडकीतून पाहिली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि कोणी उठायच्या आत जाऊन बसले. मग किल्ली फिरवली. कॉम्प्रेसर घरघरला, त्यांनी हाताला आलं ते बटण दाबलं आणि गाडी त्यांना घेऊन वर गेली. खाली आणायचं बटण कोणतं ते त्यांना कळेना, आणि हाक मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अर्धा तास ते तसेच बसून होते.

“काय मामा?”

“काही नाही. बघत होतो.”

काचवाला उभा राहिला. शेजारचा माणूस कचरा टाकून परत गेला. मिस्त्रींनी आरसा जरासा नीट केला.

“खाली घ्या,” ते शेवटी म्हणाले. दहा वर्षांत त्यांनी जावयाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

काचवाल्यानं हात घालून डावीकडचं बटण दाबलं. सुस्कारा आला. दार उघडून तो बाजूला झाला. मिस्त्री उतरले नाहीत. काठी मधे ठेवून ते कसेबसे पलीकडच्या सीटवर सरकले आणि म्हणाले, “आता वर घ्या. आज कुठं जायचंय?”

“शाळेत. चार काचा आहेत.”

“चौकटी कोणाच्या?”

“माहीत नाही.”

“बघू,” मिस्त्री म्हणाले.

चौकटी त्यांना मुळीच आवडल्या नाहीत. त्या का आवडल्या नाहीत हे त्यांनी जाताना आणि येताना सांगितलं, आणि काचवाल्यानं गाडी जरा सावकाश चालवली. गळती एका नळीच्या जोडाला सापडली; साबणाचं पाणी लावून मेकॅनिकनं ती शोधली तेव्हा वाडगा मिस्त्रींनी धरला होता. त्यानंतर पावणेतीन वर्षं ते रोज कामावर गेले. बटणांना त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.