मंडळाचा लाडका गायक

मिलिंद गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. फराळाच्या ऑर्डरी चालल्या होत्या. कुणाला चकली हवी, कुणाला बिनसाखरेचे लाडू, आणि मध्येच मेसेज आला : ‘आपल्या मंडळाचे लाडके गायक मिलिंद यांचे बस डेपोत ड्यूटीवर असताना हृदयविकाराने निधन.’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग, आणि त्या रांगेखाली पुन्हा चकली. मी सिडनीतल्या ब्लॅकटाउन स्टेशनवर उभा होतो. ट्रेन आली, गेली. ‘लाडके’ हा शब्द वाचून माझं डोकंच फिरलं... लाडके म्हणे! कधीपासून?

आम्ही दोघं विद्यार्थी म्हणून सिडनीला आलो. मी पुण्याचा, तो नागपूरचा. युनिव्हर्सिटी सुटली की एका हॉटेलात भांडी घासायचो. तिथल्या किचनमध्ये रेडिओ असायचा. एका दुपारी त्यावर एक बाई गायला लागली आणि मिलिंदचे हात साबणाच्या पाण्यात तसेच थांबले. गाणं संपल्यावर म्हणाला, “अबे सुधीर, हे तर माझ्या बापाचं गाणं आहे.” मला वाटलं, गडी थकलाय. पण त्याचे वडील नागपुरात गायन पार्टीत गायचे, भीमजयंतीला वस्तीवस्तीत त्यांना बोलावणं असायचं. आणि ही बाई अमेरिकेतली, काळी, चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. या गाण्याला सोल म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. मिलिंदला मात्र नाव कळण्याआधीच ते ओळखीचं वाटलं. “दुःख आहे, पण मान खाली नाही पाहा तिची,” तो म्हणाला. त्या आठवड्यातच त्याने पहिलं गाणं लिहिलं, मराठीत. ‘माझ्या नावाने हाक मार, हळू नको, मोठ्याने मार.’ चाल सोलची, आवाज थेट बापाचा. माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे तो बस चालवायला लागला, प्रतिमाशी लग्न झालं, क्वेकर्स हिलला घर झालं, आणि गाणी होतच राहिली. ब्लॅकटाउनच्या एका पबमध्ये रविवारी आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, तो बँडबरोबर गायचा. ड्रम वाजवणारा डॅरेन मला एकदा म्हणाला, “मेट, एक शब्द कळत नाही, पण माणूस खोटं बोलत नाही.” लोक ग्लास खाली ठेवून ऐकायचे. मग पबचा मालक बदलला, स्टेज काढून तिथे जुगाराची मशिनं बसवली, आणि तेही संपलं. राहिलं आमचं मंडळ.

मंडळात मिलिंदला मागणी होती, नाही असं नाही. जुनी भावगीतं ट्रॅकवर गाऊन द्यायची, की सगळे खूश. स्वतःचं गाणं म्हणतो म्हणाला की सेक्रेटरीबाई गोड हसायच्या, “शेवटी घेऊ हं तुमचं.” शेवटी म्हणजे केटररने झाकणं उघडल्यावर. हा डोळे मिटून दुसऱ्या कडव्यात शिरला की दुसऱ्या माइकवरून घोषणा व्हायची, “जेवण तयार आहे, आधी मुलांना घेऊ द्या, व्हेज डावीकडे.” झालं! अख्खा हॉल उठायचा. हा रिकाम्या खुर्च्यांना गाणं ऐकवायचा आणि मी नि प्रतिमा पुढच्या रांगेत बसून राहायचो. पबमध्ये ज्यांना शब्द कळत नव्हते ते ऐकायचे, आणि इथे ज्यांना कळत होते ते ताट घ्यायला पळायचे. त्याला अल्बम नको होता, नाव नको होतं. आपल्या माणसांनी आपलं एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं. एकदा बाई म्हणाल्या, “छान आहे हो, पण आपलं नाही वाटत.” गाडीत बसल्यावर त्याने मला विचारलं, “आपलं म्हणजे कोणाचं बे?” मी गाडी सुरू केली. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग ग्लेन वेव्हर्लीहून बोलावणं आलं. मेलबर्नच्या काही मराठी मंडळींना त्याच्याच गाण्यांची संध्याकाळ करायची होती. काय हरखला होता! बस चालवताना गुणगुणायचा म्हणून पॅसेंजर हसायचे. आम्ही तिघं दिवसभर गाडी हाकून पोचलो, तर संयोजक दारातच म्हणाला, “दादा, तिकिटं जात नाहीयेत, जुनी हिट गाणीच घ्या ना.” मिलिंदने ती घेतली. सगळी, हसतमुखाने. त्यानंतर तो लोकांसमोर कधी गायला नाही. मी खूप मागे लागलो, डॅरेननेही फोन केले. “नो वरीज, यार,” एवढंच म्हणायचा. माणूस आतून विझताना बाहेरून किती शहाण्यासारखा वागतो, ते मी त्या वर्षांत पाहिलं.

गेल्या रविवारी मंडळाने शोकसभा ठेवली. प्रतिमाच्या फोनवर त्याचं एकच गाणं होतं, त्याने गॅरेजमध्ये एकट्याने म्हटलेलं. ते ‘हाक मार’च. सेक्रेटरीबाईंनी स्वतः फोन स्पीकरला जोडला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं मी स्वतः कित्येक वर्षांनी ऐकत होतो. कुणी हललं नाही. बायका डोळे पुसत होत्या. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, की आत्ता बसलात? आता कशाला बसलात? तो होता तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?

गाणं शेवटपर्यंत झालं. आणि स्पीकरमधून, जरा धाप लागलेला, मिलिंदचाच आवाज आला, “कसं वाटलं?”

प्रतिमाने नंतर मला सांगितलं, की गॅरेजमध्ये गाणं झालं की तो दार ढकलून तिला रोज हेच विचारायचा, आणि ती पोळ्या लाटता लाटता रोज एकच उत्तर द्यायची. तेव्हा सभेत आम्हाला एवढंच दिसलं, की तिने मान वर केली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, “छान झालं जी.”

तोवर रेकॉर्डिंग संपलं होतं.