दाजींनी दिलेली गाडी

गाडी दाजींची होती, म्हणून मी तिच्याखाली निजून पाहिलं नाही. परक्या माणसाकडून घ्यायची असती, तर पोतं अंथरून अर्धा दिवस खाली पडून राहिलो असतो. दुसऱ्यांच्या ट्रका चालवण्यातच माझी उमर गेलेली, जुन्या गाडीत काय बघायचं ते मला पाठ होतं. पण नांदेडला सख्ख्या बहिणीच्या दारात, तिच्या हातचं जेवून, तोंड पुसत पुसत तिच्याच नवऱ्याच्या ट्रकखाली कसं शिरायचं? मी भोवतीनं एक चक्कर मारली, टायरांना लाथ हाणून पाहिली आणि म्हणालो, "चांगली हाय की."

"चांगली म्हंजे? घरची हाय," दाजी म्हणाले. त्यांचं नांदेडला वाळू-विटांचं काम होतं आणि बोलणं नेहमीच हात राखून. "बाहेर गिऱ्हाइकं लई हायती. पण तुमची बहीण म्हणली, माझ्या भावाला द्या."

अक्का दारात उभी होती. ती हसली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. एका कागदासाठी उस्मानाबादला मुक्काम करणारी माणसं आता गावातल्या गावात साहेब बघायला लागली होती. भाड्याच्या इमारतींवर नव्या पाट्या आल्या, रस्त्यानं सरकारी जीपा धुरळा उडवत फिरू लागल्या, आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जो तो म्हणायचा, आता लातूरचे दिवस पालटले. दिवस पालटले ते असे की पाऊसच आला नाही. आधीच्या साली अर्धा आला होता, त्या साली तोही नाही. मी ज्या अडत्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो, त्यानं हौद्यात लोखंडी टाकी बसवली आणि खेड्यापाड्यांना पाणी पोचवायचं सरकारी काम धरलं. मी दिवसभर टाकी घेऊन फिरायचो आणि मनात एकच घोळायचं. मालकाच्या गाडीवर जे करतोय, ते स्वतःच्या गाडीवर का करू नये?

बायकोनं पाटल्या काढून दिल्या. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, वडिलांच्या माघारी राहिलेला जमिनीचा तुकडा विकायला होकार दिला. जावयाकडून घेतोय, म्हणजे पैसा घरातच राहिला, असा तिचा हिशोब होता.

गाडीला निळा रंग दिलेला होता, इतका ताजा की हात लावला तर बोटाला वास यायचा. सीटवर नवं रेक्झिन, काचेवर रंगीत झालर. अक्कानं पुढच्या चाकाजवळ नारळ फोडला, कुंकू लावलं आणि मी निघालो. लोह्यापर्यंत गाडी गुमान चालली. पुढं चढ लागला तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. अहमदपूरच्या अलीकडं बोनेटमधून वाफेचा लोटच निघाला. गाडी कडेला घेतली. रेडिएटर कोरडा ठणठणीत.

रस्त्यापासून थोडं आत गाव होतं. विहिरीवर बाया बसलेल्या. तळाच्या झऱ्याला जेवढं सुटेल तेवढं एकजण आत उतरून वाटीनं भरायची, बाकीच्या वर वाट बघत. मी डबा घेऊन जाऊन उभा राहिलो. एका म्हातारीनं माझ्याकडं, मग रस्त्यावरच्या निळ्या गाडीकडं पाहिलं.

"गाडीला पाजायचं हाय का?"

"हाव मावशे. तापलीय."

"पाण्यापायी दावणीची म्हस इकली आमी. आन् तुमच्या गाडीला पाजू?" असं म्हणून तिनं आपल्या घागरीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. "तुमी प्या. पर हितंच प्या, माझ्यापुढं."

मी प्यालो. शेवटच्या घोटापर्यंत ती माझ्याकडं बघत होती. ऊन कलेपर्यंत मी गाडीच्या सावलीत बसून राहिलो. शेवटी ओळखीचा एक टेम्पोवाला आला, त्यानं त्याच्याजवळचं पाणी दिलं. मग थांबत, बोनेट उघडत, इंजिन निववत लातूर गाठलं. तोवर मला दाजींचा राग आलेला नव्हता. जुनी गाडी, रेडिएटर गळायचाच, असं मी स्वतःला समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओळखीच्या गॅरेजला लावली. मिस्त्रीनं रेडिएटरचा खालचा नळ सोडला, तर उरलंसुरलं पाणी पिवळं आलं. त्यानं बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाला, "हळद." भोकं पडलेल्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगून बसते, चार-दोन दिवस गळती थांबते. गिऱ्हाईक घर गाठेपर्यंत.

मग आम्ही एकेक उघडत गेलो आणि रंगाखालची गाडी दिसायला लागली. ग्रीस भरायच्या तोंडांवरच रंगाचा जाड थर होता. तो खरवडला तर आत कोरडं, गंजलेलं. कैक महिन्यांत तिथं कुणी ग्रीस भरलं नव्हतं. मागच्या चाकांवरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगेचा, एक पाटा तुटलेला, तो तारेनं आवळून वर निळा रंग मारलेला. इंजिनचं ऑइल काकवीसारखं घट्ट. चाकं उतरवली, तर ब्रेकचे लायनर झिजून रिबिटा बाहेर आलेल्या आणि ड्रमला चरे पडलेले. अशा ब्रेकांवर मी चढ-उतार करत सव्वाशे-दीडशे किलोमीटर आलो होतो.

शेवटी गिअरबॉक्स उघडला. त्यातून लाकडाचा भुसा निघाला. ऑइलमध्ये भिजून त्याचा लगदा झालेला. गिअरचे दात झिजले की बॉक्स ओरडतो. भुसा घातला की आवाज दबतो. हे काही गळतं म्हणून केलेलं नव्हतं, कामचलाऊ म्हणूनही नव्हतं. गाडी विकण्यापलीकडं भुशाचा दुसरा उपयोगच नाही. मी तो ओला लगदा मुठीत घेऊन पिळला.

"घेतली कुणाकडून?" मिस्त्रीनं विचारलं.

"बाजारातून," मी म्हणालो. दाजींचं नाव तोंडातून निघालं नाही. फसवलं त्यांनी आणि लाज मला.

त्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या गाड्या कामाला लागलेल्या होत्या. टाक्या, चारा, नव्या कचेऱ्यांसाठी खडी, कुणाला फुरसत नव्हती. माझी गाडी गॅरेजच्या लिंबाखाली ठोकळ्यांवर उभी. मिस्त्रीची मजुरी वाचावी म्हणून मी स्वतः खाली पडून पडून गंज घासायचो, गोठलेलं ग्रीस डिझेलनं धुवायचो. पुरेसं पाणी नसायचं, त्यामुळं घरी आल्यावर हात मातीनं घासून घ्यायचे आणि तसल्याच वासाच्या हातांनी जेवायचं. अव्वा विचारायची, "गाडी कदी निघायची रं?" मी म्हणायचो, "टाकी बसवायचीय." बायकोला मात्र सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पाटल्यांसाठी नगं. पर एकडाव जाऊन तोंडावर इचारून तर या."

एसटीनं नांदेडला गेलो. दाजी ओसरीवर पान जुळवत बसले होते. पाणी आलं, ते मी घेतलं नाही.

"दाजी, गिअरबॉक्समधून भुसा निघाला."

"जुनी गाडी हाय पाव्हणं. जुन्या गाडीत काय बी निघतंय."

"भुसा आपोआप आत जात न्हाई."

"मग ड्रायव्हरनं घातला आसल. मी थोडाच चालवायलो?"

"आन् रेडिएटरमधली हळद?"

त्यांनी चुना लावता लावता मान वळवून आत हाक मारली, "आगं ये, तुजा भाऊ हळद इचारायलाय. कुणी काडून दिली, सांग की त्याला."

अक्का बाहेर आली. हाताला पीठ होतं. खाली बघत म्हणाली, "गाडीला लागती म्हणले, म्हणून दिली डब्यातली. कशापायी लागती ते मला कसं कळावं?"

खरंच कळलं नसेल का? गाडीवाल्याच्या घरात इतकी वर्षं नांदलेली बाई. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि तिनं वर बघितलं नाही.

"ब्रेक गेलेले होते दाजी," मी म्हणालो. "वाटंत मेलो असतो म्हंजे?"

दाजींनी पान गालात सरकवलं. "मेलाव का?"

मी उठलो. अक्का मागून "जेवून जा रं, जेवून जा" म्हणत राहिली. मी न जेवता निघालो. फसवल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण पाव्हणा दारातून उपाशी गेला, आमचा अपमान करून गेला, हे मात्र सगळ्या सोयऱ्यांत झालं.

गाडी निघाली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. पावसाचा पत्ता नव्हताच, त्यामुळं हौद्यात टाकी बसवताच काम मिळालं. रेणापूरकडची आणि औशाकडची गावं माझ्याकडं आली. मी त्या गाडीला कुणाला हात लावू द्यायचो नाही. रोज निघायच्या आधी ऑइल, पाणी, ब्रेक स्वतः बघायचो, ग्रीस स्वतः भरायचो. शेजारचे ड्रायव्हर हसायचे.

औशाकडच्या एका गावात वेशीपाशी उतार होता. टाकी दिसली की लोक गाडी थांबायची वाट बघायचे नाहीत, भांडी घेऊन चालत्या गाडीबरोबर पळायचे. एकदा एक बाई कुणाच्या तरी धक्क्यानं घागरीसकट थेट माझ्या पुढच्या चाकासमोर पडली. टाकी तुडुंब भरलेली, गाडी उताराला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागं पाणी हेलकावलं, टाकीच्या तोंडातून उसळून सांडलं आणि गाडी जागेवर थांबली. बाईच्या घागरीला चाक टेकलं होतं. ती उठली, घागर चेपली म्हणून मला शिव्या दिल्या आणि जाऊन पाण्याच्या रांगेत उभी राहिली.

लोकांनी "देवानं वाचवलं" म्हटलं. मला देव आठवला नाही. पान जुळवणारे दाजी आठवले. पाण्याची टाकी बसवायलाच गाडी घेतोय, हे मी त्यांना त्याच ओसरीवर बसून सांगितलं होतं.

नांदेडच्या त्या भांडणानंतर दाजींनी अक्काला माहेरी पाठवणं बंद केलं होतं. पंचमी गेली, दिवाळी गेली. अव्वा दर सणाला स्टँडवर कुणाला तरी पाठवायची, नांदेडची एसटी बघून या म्हणायची. तिला मी खरं काही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटायचं, मीच काहीतरी बोलून सोयरीक बिघडवली. "गाडीपायी लेक तोडली," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं आणि गप्प बसलो. जावयाची करणी तिला सांगितली असती, तर तिनं लेकीच्या नावानं रोज जीव जाळला असता. दोन-तीन पावसाळे तसेच गेले. पाऊस परत आला, टाक्यांचं काम संपलं, मी गाडीवर ज्वारी, तूर, मिळेल ते वाहू लागलो. अव्वा गेली तेव्हा नांदेडला माणूस धाडला. अक्का आली, पण माती झाल्यावर. दाजींचं काम उरकेपर्यंत त्यांनी तिला एकटीला निघू दिलं नव्हतं.

पुढं अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणून बोलावणं आलं आणि मी गेलो. मांडवात दाजींनी माझ्या खांद्यावर हात टाकून व्याह्यांपुढं नेलं. "हे आमचे मेव्हणे. लातूरला सोताची गाडी हाय. माझीच व्हती, ह्यांना दिली. त्याच्यावरच उभे राह्यले." व्याह्यांनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. पोरीच्या मांडवात दुसरं काय करणार?

निघताना अक्का मांडवाबाहेर आली. केस पांढरे झाले होते.

"का रं, अव्वा माजी आठवण काडायची का?"

"रोज," मी म्हणालो.

ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तिला खडसावून विचारावंसंही वाटलं. दोन्ही झालं नाही. आतून दाजींची हाक आली. तिनं डोळे पुसले आणि गेली.

पुढंही येणं-जाणं राहिलं. भाच्यांची लग्नं, बारशी, आहेर. सोयऱ्यांनी म्हटलं, बरं झालं, मिटलं. काहीच मिटलेलं नव्हतं. नुसता एकमेकांच्या घरी चहा पीत होतो.