किडेतात्या

धान्यातला किडा नुसत्या चालीवरून ओळखणारा माणूस मी एकच पाहिला. तेर गावात आमच्या शेजारी राहणारे किडेतात्या. खरं नाव रेशनकार्डावर असेल, गावात कुणी घेत नव्हतं. ज्वारी, तूर, हरभरा, कशालाही कीड लागो, लोक मूठभर दाणे घेऊन तात्यांच्या ओट्यावर हजर. तात्या ते परातीत उन्हाला पसरत आणि डोळे बारीक करून बसत.

"सोंडकिडा हाय. बोट लावलं की मेल्याचं सोंग घेतो, लई नाटकी!" हे सांगताना त्यांना भारी मजा वाटे. पिठातल्या तांबड्या किड्यावर मात्र राग. "ह्यो आयतोबा. दाणा दुसऱ्यानंच फोडलाय, त्याला हुडका." तुरीवर पांढरे ठिपके दिसले की म्हणत, "ही अंडी हायत. आजच भरडून डाळ करा."

किडा पाच मिनिटांत वर येई, पण तात्यांकडे तास मोडे. "बसा की, जरा तापू द्या." मग चहा, उमरग्याला दिलेल्या लेकीचं कौतुक, वारलेल्या बायकोच्या गोष्टी. माझी अंगणवाडीतल्या कामाची वेळ व्हायची, मी मनातल्या मनात चरफडायची. आम्ही उठून गेलो की त्या घरात दुसरा आवाज नसे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उलट मला हुशारी सुचली. तात्यांना खोदून खोदून विचारलं, किड्यांचे फोटो काढले, खाली ओळख आणि उपाय लिहिले आणि ‘आपले किडेतात्या’ असं नाव देऊन गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तात्यांना दाखवलं तर चक्क लाजले. "व्हय गं, समदं माझंच हाय की!"

त्यानंतरच्या सुगीला ओट्यावर कुणी फिरकलं नाही. लोक मोबाईलमध्ये बघत आणि मोकळे होत. तात्या सकाळी परात पुसून उन्हात मांडत, संध्याकाळी आत नेत. एकदा मी सहज विचारलं, "तात्या, बरे आहात ना?"

"सूनबाई, रागावू नको," ते खाली बघत म्हणाले, "पर तू माझी माणसं नेलीस गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तो मेसेज पुसायला गेले, तर इतक्या दिवसांनी तो सगळ्यांकडून पुसला जाईना. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, झकास काम केलंत. आता तात्यांना त्रास द्यायला नको.’

त्याला मीच अंगठा दिला होता.