नऊशे कपाळांची आखाजी

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत सकाळचं ऊन सगळ्यात आधी उषाबाईच्या घरी यायचं, आणि ते तिने ठरवून घेतलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी खोली भाड्याने घेताना तिच्या नवऱ्याने, लोटूने, नळ बघितला, मोरी बघितली, छपरावर काठी आपटून बघितली. उषाबाईने फक्त खिडकी बघितली आणि म्हणाली, "हाई चांगली शे." ती पूर्वेची खिडकी म्हणजे तिची कचेरी.

त्या दिवशीही खिडकीला लाकडी चौकट टेकवलेली होती. चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली, जाळीवर लेप. नक्षी असेल तेवढीच जागा मोकळी. तिथून रंग खाली उतरतो आणि कापडावर छपाई होते. पण लेपात कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक राहून जातं, त्यातूनही रंग उतरतो, पसरतो, आणि थानच्या थान कापडावर नको तिथे ठिपका येतो. उन्हासमोर चौकट धरून ती भोकं हुडकायची आणि ब्रशने बुजवायची, हे उषाबाईचं काम. कारखान्यात त्याला टचिंग म्हणतात. पांडेसऱ्याच्या ज्या कारखान्यात लोटू छपाईच्या टेबलावर होता, तिथल्या चौकटी तिच्याकडे घरी येत. ज्वारीतला खडा आणि जाळीतलं भोक उषाबाईच्या नजरेतून सुटत नाही, असं सगळे म्हणत. ती स्वतःही मनातल्या मनात म्हणे.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक गायत्री नंदुरबारहून कालच संध्याकाळी येऊन पोचली होती आणि माहेरी येणं पुरेपूर वसूल करत आठ वाजले तरी झोपली होती. लोटू एका गालाला साबण लावून आरशापुढे बसला होता. तव्यावर भाकरी फुगत होती.

आणि कडी वाजली.

या गल्लीत दार वाजवायची पद्धतच नव्हती. येणारा ओटा चढायच्या आत हाक मारतो. कडी वाजवतो तो एकतर पोलीस, नाहीतर व्याही. गायत्री दचकून उठली आणि आधी केस सारखे केले.

दारात कारखान्याचे फोरमन हिलालभाऊ होते. शिरपूरकडचे, एरवी गल्लीच्या तोंडाशीच "चहा टाक वो उषाबाई" म्हणून ओरडणारे. आज गप्प. त्यांच्या मागे पांढऱ्या पँटशर्टातले, बगलेत कापडाची घडी धरलेले एक साठीचे गृहस्थ.

"हे धनसुखभाई," हिलालभाऊ म्हणाले. "आफ्रिकेतल्या मोझांबिकची ऑर्डर यांचीच."

धनसुखभाईंनी खाटेवर कापड पसरलं. लाल-हिरवी किनार, मधोमध एका दाढीवाल्या, हसऱ्या माणसाचा भला मोठा चेहरा. खाली परक्या अक्षरांत दोन ओळी, आणि १९८६ ते १९९६ असे आकडे. चेहरा कापडावर असा उठून आला होता की आत्ता हा माणूस बोलेल.

"एक नंबर शे," लोटू साबणासकट म्हणाला. त्याच्याच हातची छपाई होती.

धनसुखभाईंनी चेहऱ्याच्या कपाळावर बोट ठेवलं. दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, टिकलीएवढा लाल ठिपका. "आ शुं छे? हे काय आहे?"

"टिळा," लोटू म्हणाला.

"टिळा," हिलालभाऊ म्हणाले.

"टिळा शे ना!" गायत्री आतून म्हणाली.

"पण तो लावायला सांगितला कोणी?"

कोणी सांगितला? लोटूला वाटलं होतं, नक्षीतच आहे. हिलालभाऊंना वाटलं, कारखान्याच्या शेठनी सांगितलं असेल. घडी घालणाऱ्या बायका, गाठी बांधणारे, तपासणारे, चाळीस-पन्नास जोडी डोळ्यांखालून नऊशे कापडं गेली आणि एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. गेलेल्या माणसाचा फोटो आहे म्हटल्यावर कपाळाला कुंकू असायचंच. नसतं, तर कोणीतरी नक्की ओरडलं असतं. खुद्द उषाबाई गेल्या आठवड्यात चौकटी पोचवायला गेली, तेव्हा ओळीने वाळत घातलेली ती कापडं बघून तिला बरंच वाटलं होतं. कोणीतरी जाणतं माणूस दिसतं इथे, असं मनात म्हणून तिने लांबूनच हात जोडले होते.

"बसा," ती म्हणाली. "आधी चहा घ्या. मग सांगा काय झालं ते."

चहा बशीत निवत राहिला आणि धनसुखभाई सांगत राहिले. त्यांचा जन्मच तिकडचा. आजोबा सुरतेहून गलबतातून गेलेले. कापडावरचे हे समोरा माशेल, त्या देशाचे पहिले अध्यक्ष. दहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात परदेशातून घरी परतत होते. रात्रीची वेळ. उतरायला थोडा वेळ राहिला असताना विमान भलतीकडेच वळलं आणि सरहद्दीपलीकडच्या डोंगरावर आदळलं.

"सकाळी रेडिओ लावला तर नुसतं रडकं संगीत. बातमी नाही, काही नाही. आम्ही समजलो, कोणीतरी मोठं गेलं."

"पण इमान वळलं कसं?" उषाबाईने विचारलं.

"तेच तर, बेन! कोणी म्हणतं पायलट चुकला. कोणी म्हणतं शेजारच्या देशाने खोटा इशारा लावून विमान डोंगरात ओढलं. चौकशा झाल्या, कागद झाले, नक्की काही झालं नाही. आमच्याकडे दोन भाऊ जेवायला बसले आणि हा विषय निघाला, तर जेवण राहून जातं." त्यांनी पुन्हा कपाळावर बोट ठेवलं. "आता हे घेऊन मी तिकडे गेलो तर? तिथे कुंकू कोणाला माहीत? कपाळात लाल ठिपका म्हणजे गोळी. दहा वर्षं लोक विचारतायत, अपघात की खून, आणि सुरतेच्या कापडाने निकाल देऊन टाकला!"

तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा गायत्री धावली.

"लाल रंगाचं टेबल लोटूचं," हिलालभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "शेठ म्हणाले, त्याचा हिशेब करून टाका. उद्याचा दिवस आहे, परवा सकाळी गाठी मुंबई बंदराकडे निघतात. जहाज काही थांबत नाही."

लोटूच्या गालावरचा साबण वाळून पापुद्रे निघाले होते. त्या टेबलावर त्याने चौदा वर्षं काढलेली.

"हिलालभाऊ, लाल चौकट आणेल शे का?" उषाबाईने विचारलं.

ती बाहेर रिक्षातच होती. तिने ती उन्हासमोर धरली. लाल रंगाच्या चौकटीत किनार होती, अक्षरं होती; मधला सगळा भाग नुसता लेपाने भरलेला, कोरा. चेहरा तपकिरी रंगाच्या चौकटीत, दुसरीकडे. कोऱ्या जागेत तेव्हा कोण किती बघणार? तिने अंगुळ अंगुळ नजर सरकवली. मधोमध उन्हाचा एक कण लखलखत होता.

लोटूने तो बघितला आणि डोळ्यांनीच तिला खुणावलं, गप बस. हिलालभाऊंना जाड चष्मा होता, एवढा बारीक कण त्यांना दिसणार नव्हता.

"भोक मन्हं शे," उषाबाई म्हणाली. "ह्यास्नी बरोबर रंग ओढला. मीच बुजाडं नही."

"मग इथून पुढे चौकटी तुझ्याकडे येणार नाहीत," हिलालभाऊ फार हळू म्हणाले. त्यांना ते बोलवत नव्हतं.

"परवानी सकाळ झायी की मंग सांगा. तवलग नऊशे कापडं आठे आना. आणि त्या चेहऱ्याचा रंग, डबाभर."

"उद्या आखाजी शे, माय!" गायत्री म्हणाली. "उद्या कोन कामले हात लावस?"

हे मात्र खरं होतं. आखाजी म्हणजे खानदेशी लेकीबाळींचा हक्काचा सण. झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, आमरस ओरपायचा. त्या दिवशी बायकांना कामाला लावणं म्हणजे मांजराला पोहायला लावणं. गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबांना झोक्याचा दोर बांधूनही झाला होता. उषाबाईने जरा वेळ त्या दोराकडे बघितलं आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडांच्या गाठी गल्लीत उतरल्या आणि अख्ख्या गल्लीला नियम समजला. वीस कपाळं पुसली की झोक्यावर एक पाळी. लबाडी करणारीला आमरस नाही.

हत्यार साधंच होतं. लोटूच्या छातीचा जुना एक्स-रे निघाला, त्याचे तुकडे करून प्रत्येकात टिकलीएवढं छिद्र पाडलं. छिद्र ठिपक्यावर ठेवायचं, चिंधीच्या बोळ्याने तपकिरी रंग टिपायचा, उचलायचं. पण रंग काही केल्या जुळेना. नुसता डब्यातला लावला तर खालचा लाल डोकावे. काळा मिसळला तर कपाळावर तीळ दिसे. चुलीपुढे घालवलेल्या वर्षांत उषाबाईने आमटीचा रंग जेवढ्या वेळा जुळवला असेल, तेवढ्याच धीराने तिने थेंब थेंब निळा घालून बघितला. नवव्या वेळी ठिपका गेला. गेला म्हणजे असा, की तिचं तिलाच बोट ठेवून दाखवता येईना.

"लोटूची छाती आफ्रिकेच्या कामी आली," परभणीकडच्या सखुबाई म्हणाल्या. शेजारच्या खोलीत राहायच्या, आणि आखाजी आपला सण नाही असं सांगून सगळ्यांत आधी येऊन बसल्या होत्या. "पर मला येक सांगा, धनसुखभाई. ह्ये कापड तितल्या बाया नेसत्यात कसं?"

"कमरेला गुंडाळतात, मावशी. पाठीवर पोर बांधतात."

"कमरंला? राष्ट्रपतीला? आन् खाली बसल्यावर?"

बायका अशा हसल्या की तीन कपाळांवर रंग फराटला आणि ती ओल्या फडक्याने पुसावी लागली. धनसुखभाईही हसले. ते गाठींवर नजर ठेवायला म्हणून आले होते. तासाभरात त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर गेल्या आणि लोटूबरोबर ते आंबे पिळायला बसले. काशिनाथ इस्त्रीवाल्याने आपली कोळशाची इस्त्री गल्लीत आणली. टिपलेल्या कपाळावर एकदा गरम इस्त्री फिरली की रंग पक्का. इस्त्री फिरवताना तो प्रत्येक चेहऱ्याला "गरम लागंल, साहेब" म्हणे. पहिली पन्नासेक कापडं तो गमतीने म्हणाला, पुढे सवयीने.

पुरण लोटूने वाटलं. त्यात वेलदोड्याची सालं तशीच राहिली, आणि ते पुढे प्रत्येक आखाजीला उगाळलं जाणार हे त्याच दिवशी नक्की झालं. पण पालथ्या खापरावर भाजायची ती मोठी पोळी काही पुरुषाच्या हाताने होत नाही. ती गायत्रीने केली, कोपरापर्यंत हातावर झुलवत, आणि माहेरवाशिणीला कामाला लावल्याबद्दल आईला दर पोळीमागे एक टोमणा दिला.

दुपारच्या आत उषाबाईने पितरांची घागर भरली. खरबूज ठेवलं, सासऱ्यांचं नाव घेतलं, आपल्या वडिलांचं घेतलं. मग आणखी एक ओंजळ पाणी घातलं.

"हाई कोनी?" लोटूने विचारलं.

तिने मानेनेच दोरीवर वाळणाऱ्या कापडांकडे दाखवलं.

"तो काय आपला कुळना शे का?"

"तहान लागनी म्हणजे कोन कुळ इचारस?"

झोका दुपारनंतर जो चढला, तो टाकीला भिडायला लागला. गायत्रीने उभ्याने झोका घेत जागच्या जागी गाणं जुळवलं:

"आखाजीना झोका माय, वर वर जाय,
इमानमधला राजा माय, घर कव्हय येई?"

खालच्या बायकांनी ते उचललं. धनसुखभाईंना अहिराणी येत नव्हती. त्यांनी हिलालभाऊंना अर्थ विचारला, आणि समजल्यावर चष्मा काढून उगाच काचा पुसत बसले.

दिवे लागायच्या आत शेवटचं कापड इस्त्रीखालून निघालं. हिलालभाऊंनी शंभर कापडं मधूनमधून ओढून खिडकीच्या उजेडात तपासली, मग ती धनसुखभाईंपुढे ठेवली. त्यांनीही तपासली. शेवटी हिलालभाऊ ओट्यावर आले आणि रिक्षाकडे बघून ओरडले, "रिक्षात आणून ठेवलेल्या नवीन चार चौकटी उतरवा रे! उषाबाईच्या खिडकीशी ठेवा. आणि चहा टाक वो, उषाबाई."

लोटू तिथेच खाली बसला आणि कालपासून दाढी करायची राहिलेला गाल चोळत खो खो हसायला लागला.

निघताना धनसुखभाई थांबले. "उषाबेन, तुम्ही लाज राखली. काय पाठवू तिकडून? बोला."

"साडी सांगा," गायत्री कुजबुजली.

"काजू सांग, तिकडचे मोठे असत्यात," सखुबाई कुजबुजल्या नाहीत, ओरडल्याच.

उषाबाईने हातावरचा तपकिरी रंग पदराला पुसला. गायत्रीच्या जुन्या वहीचं पान फाडून त्यावर गल्लीचं नाव, खोलीचा नंबर आणि स्वतःचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, आणि पान त्यांच्या हातात दिलं.

"इमान कसं पडलं ते कधी कळलं, तर मला एक पत्र टाका."