फोनवरून घेतलेला कौल

आईला महापालिकेची निवडणूक लढवायची होती, पण गावच्या देवाला अजून विचारलं नव्हतं. भाईंदरला गोडदेव भागातल्या आमच्या गल्लीतलं गटार उघडं होतं. झाकणासाठी तिनं इतके अर्ज केले की शेजारची गुजराती वहिनी म्हणाली, "आंटी, अब आप ही खड़े हो जाओ." आईचे डोळे चमकले. पण ती रत्नागिरीकडची. घर घेताना, माझं लग्न ठरवताना, सगळ्याला देवाचा कौल लागायचा. देव नको म्हणाला की विषय संपला.

गावी जायला मला रजा नव्हती, म्हणून गावच्या देवळातल्या गुरवकाकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. फोन मी धरला होता, आई शेजारी हात जोडून उभी. पाकळी पडली आणि गुरवकाका काही बोलणार तोच नेमकी रेंज गेली.

"उजवी, उजवी," मी नाचायलाच लागले. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून कागदपत्रं काढायला गेली.

अपक्ष म्हणून तिला कढई हे चिन्ह मिळालं. घरातली लोखंडी कढई घेऊन ती दारोदार फिरली. इतकी खूश ती माझ्या लग्नातही नव्हती. पडली मात्र दणकून. तरी निवडून आलेल्यानं पहिल्याच आठवड्यात गटाराला झाकण बसवलं आणि आईनं गल्लीभर पेढे वाटले.

मे महिन्यात गावी गेलो. देवळात दुसऱ्या कुणाचा तरी कौल चालला होता. माझ्या उजव्या हाताकडची पाकळी पडली आणि गुरवकाका म्हणाले, "डावा दिलान. नको म्हणतोय." देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, तेव्हा उजवं-डावं त्याचं धरायचं. भाईंदरमध्ये वाढलेल्या मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे आईच्या वेळीही देव नको म्हणाला होता आणि मी आईला खुशाल उभं केलं होतं.

बाहेर पायरीवर तिला सगळं सांगून टाकलं. ती चप्पल शोधत होती.

"मला काय देवाचा उजवा हात कळत नाय? लहानपणापासून बघतेय."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला हो पायजे होतं," आई म्हणाली. "आत्ता नारळ ठेवून माफी मागितलीय त्याची. पुढच्या वेळी पण फोन तूच धर."